दहा पौंडाच्या घराची मापं

ओळंबा घेऊन इंग्लंडात ट्रेननं प्रवास करायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. पितळी ओळंबा, दोऱ्याचं रीळ, आठ मीटरची टेप, क्लिपबोर्ड, चार पेन्सिली, आणि डब्यात थालीपीठ. लुईसला गाडी बदलताना बॅगेतून ओळंबा खाली पडला तर शेजारच्या आजींनी तो उचलून दिला आणि विचारलं, हे मासे धरायचं आहे का? मी म्हटलं नाही, भिंत सरळ आहे का बघायचं. त्या म्हणाल्या ऑल्फ्रिस्टनला चाललीस ना, तिथे काहीच सरळ नाही.

बरोबर बोलल्या होत्या.

तर झालं असं की मी धंद्यानं स्ट्रक्चरल इंजिनिअर, आठवडाभर आरसीसीचे बीम आणि कॉलम, आणि गेल्या वर्षीपासून शनिवारी जुन्या इमारतींच्या जतनाचा अर्धवेळ कोर्स. त्यात एक असाइनमेंट असते मोजणी नकाशाची. एक जुनी वास्तू निवडायची, ग्रुपनं जाऊन मापं घ्यायची, आणि मग प्रत्येकानं आपापला एक प्लॅन, एक दर्शनी बाजू आणि एक छेद हातानं काढून द्यायचा. (छेद म्हणजे घर उभं कापलं तर आत जसं दिसेल ते.) हातानं म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅडवर नाही, पेन्सिलीनं. आमच्या ग्रुपला मिळालं ऑल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊस, ईस्ट ससेक्समधलं, चौदाव्या शतकातलं, गवती छपराचं, पूर्वी गावच्या धर्मगुरूंच्या राहण्याचं घर. मला आधी जरा हिरमुसल्यासारखंच झालं होतं, कारण दुसऱ्या ग्रुपला मोठा वाडा मिळाला होता आणि आम्हाला हे एवढंसं.

घराची कीर्ती मात्र त्याच्या आकाराच्या मानानं फारच मोठी. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी काढली, आज त्यांच्याकडे राजवाडे आहेत, समुद्रकिनारे आहेत, पण त्यांनी विकत घेतलेली सगळ्यात पहिली इमारत म्हणजे हे घर. १८९६ मध्ये, १० पौंडांना. तेव्हा ते पडायला आलेलं होतं, चर्चला ते नको झालं होतं, आणि गावचे व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, बेनन यांनी पत्रापत्री करून कोणीतरी ते वाचवावं म्हणून खटपट केली नसती तर आज तिथे फक्त हिरवळ असती. १० पौंड ही किंमत नावालाच, खरा खर्च पुढे दुरुस्तीचा होता आणि त्यासाठी हिलबाईंनी लोकांकडून पैसे जमवले.

बेरिक स्टेशनला उतरून मी चालत गेले, साधारण तास लागतो. गावात एक मोठं मैदान आहे, त्याला द टाय म्हणतात, त्याच्या मधोमध सेंट अँड्र्यूज चर्च, गारगोटीसारख्या फ्लिंटच्या दगडांनी बांधलेलं आणि अधिक चिन्हासारख्या आकाराचं. गावात दंतकथा अशी की चर्च दुसरीकडेच बांधायला घेतलं होतं पण रात्री दगड कोणीतरी उचलून टायवर टाकायचं, शेवटी लोकांनी टायवर चार बैल पाठीला पाठ लावून बसलेले पाहिले आणि म्हणाले चला, असाच प्लॅन करू. साइट आणि प्लॅन दोन्ही बैलांनी ठरवलं म्हणजे आर्किटेक्टची फी वाचली. चर्चच्या बाजूलाच, कुकमेअर नदीच्या अंगाला, हे घर.

आमचे सर (इथे सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून सरच निघतं, आता ग्रुपमधल्या दोघांनीही गमतीनं सर सुरू केलंय) म्हणाले, टेप काढायची नाही. दहा मिनिटं नुसतं बघा, मग घराकडे पाठ करून बसा आणि आठवणीतून समोरची बाजू काढा. आणि सोबत छपराच्या आतला सांगाडा कसा असेल त्याचा अंदाजही काढा.

मी आत्मविश्वासानं काढलं. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खोल्या, वर गवताचं छप्पर. छेदामध्ये मधला खांब थेट आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या शेंड्यावरच्या आडव्या लाकडापर्यंत नेला, आढ्यावरून दोन्ही पाखांना वासे सोडले. संगमेश्वरजवळ आमचं गाव आहे, तिथलं घर मी लहानपणापासून आतून बाहेरून बघितलेलं, त्यामुळे लाकडी घर म्हणजे असंच असणार.

सरांनी कागद बघितला आणि विचारलं, हे घर कुठलं आहे? मी म्हटलं माझ्या आजोबांचं. ते म्हणाले छान आहे, आता हे काढ.

मग त्यांनी समजावलं ते असं. या प्रकाराला वील्डन हॉल हाऊस म्हणतात, केंट आणि ससेक्समधल्या वील्ड नावाच्या पट्ट्यावरून. मधे एक मोठी खोली म्हणजे हॉल, जमिनीपासून छपरापर्यंत पूर्ण मोकळी, तिच्यावर माळा नाही. हॉलच्या दोन्ही टोकांना दुमजली भाग, आणि त्यांचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. पण छप्पर एकच, सरळ, वळचणीची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग होतं काय, टोकं पुढे आलेली आणि मधला हॉल मागे राहिलेला, त्यामुळे मधल्या भागात वळचणीची तुळई हवेतच जाते, तिच्या खाली भिंत नसते, तिला आधार द्यायला दोन्ही बाजूंनी धनुष्यासारखी वाकलेली लाकडं असतात. एकदा हे कळलं की मग अशी घरं ओळखायला तीन सेकंद लागतात, आणि न कळता मी दहा मिनिटं बघत बसले होते!

दारही मधोमध नसतं. ते हॉलच्या एका टोकाला असतं, तिथून घराच्या आरपार एक वाट, वाटेच्या एका बाजूला खाण्यापिण्याचं सामान ठेवायच्या खोल्या. दुसरं टोक मानाचं, तिकडे घरधन्याची बैठक, तिकडच्या खिडक्या मोठ्या. म्हणजे घरात शिरल्यावर तुम्ही कुठपर्यंत जायचं हे घराच्या लांबीवरच ठरलेलं. आपल्याकडे ओटीवर कोण बसणार, पडवीत कोण आणि माजघरापर्यंत कोण येणार हे जसं न सांगता ठरलेलं असायचं तसंच काहीसं.

आणि आढं. आढंच नाही! हे मला खरंच पटेना. मी मान मोडेपर्यंत वर बघत राहिले. हॉलच्या मधोमध एक जाडजूड आडवी तुळई, तिच्यावर एक आखूड खांब उभा, त्याला क्राउन पोस्ट म्हणतात. तो वरपर्यंत जातच नाही. मधेच थांबतो, त्याच्या डोक्यातून फांद्या फुटाव्या तशी वाकडी लाकडं निघतात आणि ती घराच्या लांबीनं जाणारी एक कडी धरतात, त्या कडीवर वाशांच्या जोड्या जोडणारी आडवी लाकडं टेकलेली. वासे वर एकमेकांनाच भेटतात, जोडी जोडीनं, कैचीसारखे. आढ्याचा प्रश्नच येत नाही. इंजिनिअर म्हणून मला हे बघून आधी भीती वाटली आणि मग जरा लाज, कारण सहाएकशे वर्षं उभं आहे ते.

हॉलच्या मध्यभागी पूर्वी जमिनीवरच आग पेटलेली असायची, चिमणी नाही, धूर वर जाऊन छपरातून वाट काढायचा. हॉलवर माळा का नाही याचं कारण हे. विटांच्या चिमण्या नंतरच्या, आणि चिमणी आली की धूर कोंडायची भीती गेली, मग बहुतेक ठिकाणी लोकांनी हॉलमध्ये मधे माळा घालून टाकला. इथे आज पुन्हा हॉल वरपर्यंत मोकळा दिसतो म्हणून तो एवढा अंगावर येतो. उंची अशी फार नाही, पण दारातून वाकून आत आल्यावर डोक्यावर एकदम काळोखी पोकळी उघडते.

आता मापं. इथे माझी दुसरी फजिती. मी सवयीनं एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं, लिहिलं, मग दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत, असं करत शेवटाला पोचले आणि बेरीज केली तर एकूण लांबीत आणि बेरजेत दोन इंचांचा फरक. प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक साठत जाते. बरोबर पद्धत म्हणजे टेप एकदाच लावायची, शून्य एका कोपऱ्याला, आणि प्रत्येक खांबाचा आकडा त्याच शून्यापासून वाचत जायचा. हे मला कॉलेजमध्ये सर्व्हेच्या तासाला शिकवलं होतं, मी तेव्हा मागच्या बाकावर होते.

मग कर्ण. खोली चौकोनी आहे असं गृहीत धरायचंच नाही, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे. एकाही खोलीचे सारखे आले नाहीत. जमीन पण समपातळीत नाही, म्हणून कमरेच्या उंचीला एक आडवी रेघ मानायची आणि सगळ्या उंच्या त्या रेघेपासून वर आणि खाली मोजायच्या. भिंतीला खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, त्यामुळे दोरी धरून दोन जण पुतळ्यासारखे उभे आणि तिसरा मोजतोय. घर उघडायच्या आधीचा वेळ आम्हाला दिलेला, वरच्या खोल्या परवानगीत नव्हत्या, आणि तिथल्या स्वयंसेवक काकू चहा पीत आमच्याकडे अशा बघत होत्या जसं आपण लग्नात आचाऱ्यांकडे बघतो. ओळंबा सोडला तर एक खांब चांगलाच बाहेर झुकलेला निघाला, मी घाबरून सरांना बोलावलं, ते म्हणाले हो, तो कित्येक पिढ्या तसाच आहे, तू आकडा लिही.

वाकडेपणाचं कारण मला फार आवडलं. ओकचं लाकूड वाळल्यावर इतकं टणक होतं की हाताच्या हत्यारांनी काम करणं मुश्कील, म्हणून तेव्हाचे सुतार ते ओलंच वापरायचे, झाड पाडलं की थोड्या काळात. मग ते घरातच वाळायचं, आक्रसायचं, पिळवटायचं. सुताराला हे माहीत असायचं, म्हणून सांध्यात एक युक्ती. खाचेला आरपार एक भोक आणि खाचेत जाणाऱ्या कुसूला एक भोक, पण दोन्ही एका रेषेत नाहीत, मुद्दाम जरासं मागेपुढे. त्यातून लाकडी खुंटी ठोकली की ती वाकत वाकत जाते आणि सांधा आवळून घेते. लाकूड वाळेल तसा सांधा आणखी घट्ट. सांध्याला खिळा कुठेच नाही. खांब वरच्या बाजूला जाड ठेवलेले असतात, म्हणजे झाडाचा बुंध्याकडचा भाग वर आणि शेंडा खाली, कारण वर एकाच जागी दोन तीन लाकडं येऊन मिळतात, तिथे जास्त मांस हवं.

आणि हे सगळं आधी अंगणात आडवं टाकून जुळवायचे, प्रत्येक सांध्याला छिन्नीनं रोमन आकडे कोरायचे, मग सगळं सुटं करून गाडीतून जागेवर आणून त्या आकड्यांप्रमाणे उभं करायचे. रोमन आकडे का, तर छिन्नीनं सरळ रेघा मारणं सोपं. चार लिहिताना आपण शाळेत शिकलो तसं नाही, सरळ चार रेघा. फ्लॅटपॅक फर्निचरवाल्यांनी उगाच फुशारकी मारू नये.

दुपारी टायवर बसून थालीपीठ खाताना (अर्ध्या ग्रुपनं संपवलं, मला दीडच मिळालं) सरांनी माझी वही चाळली. सगळी लाकडं मी इमानदारीत काढली होती, मापांसकट. त्यांनी एका जागी बोट ठेवलं आणि विचारलं, या खांबाला इथे काय आहे? मी म्हटलं काही नाही, रिकामी खाच आहे. ते म्हणाले मग काढली का नाहीस?

मी खाच काढली नाही कारण तिच्यात काही नव्हतं. साधं लॉजिक. पण नेमकं तिथेच सगळं असतं म्हणे. रिकामी खाच म्हणजे इथे एक लाकूड होतं आणि ते आता नाही. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीनं भोकं दिसली तर तिथे कधीतरी पार्टिशन होतं. खिडकीच्या वरच्या लाकडात पत्त्यातल्या चौकटसारख्या तिरप्या खुणा दिसल्या तर तिथे काच नसलेली जुनी खिडकी होती, उभे लाकडी गज कोनावर बसवलेले आणि आतून झडपा. वाशांवर काजळी असली तर खाली उघडी आग होती, आणि एखाद्याच वाशावर नसली तर तो नंतर बदललेला. जे उभं आहे त्याचा फोटो कोणीही काढेल, मोजणीवाल्यानं जे गेलंय तेही कागदावर आणायचं.

दुपारनंतर मी पुन्हा आत गेले आणि नुसत्या खाचा, भोकं आणि तुटक्या खुंट्या काढत बसले. पहिल्या अर्ध्या तासात वेड लागायची पाळी, कारण बघावं तिथे खाच. मग हळूहळू कुठली मुळातली आणि कुठली कोणीतरी नंतर कपाटबिपाट अडकवायला पाडलेली हे कळायला लागलं, मुळातल्या खाचेला सोबत खुंटीचं भोक असतं. दोन इंचांचं भोक बघून मला इतका आनंद होईल हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

रंगाची पण एक गंमत. मी घरी एक कच्चं रेखाटन रंगवून आणलं होतं, लाकडं काळीकुळकुळीत आणि मधला गिलावा पांढराशुभ्र, जसं चॉकलेटच्या डब्यावर असतं तसं. सर म्हणाले हा काळा रंग बहुतेक ठिकाणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली हौस आहे, ओक आपलं आपण सोडलं तर उन्हापावसानं चंदेरी राखाडी होतं. या घराची दुरुस्ती आल्फ्रेड पॉवेल या आर्किटेक्टकडे होती आणि त्याच्यामागे विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये काढलेल्या जुन्या इमारतींच्या संरक्षण सोसायटीचा विचार होता: जुनं खरवडून नवंकोरं करायचं नाही, जेवढं मोडलंय तेवढंच दुरुस्त करायचं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे ऑइल पेंट आणि ग्रॅनाइटच्या फरशा, त्यामुळे हे ऐकताना मला आमच्या गावचं देऊळ आठवलं आणि मी गप्प बसले.

आता जमीन. ही गोष्ट मी बाबांसाठी राखून ठेवली होती. हॉलची जमीन डाऊन्स टेकड्यांच्या पांढऱ्या खडूची, खडू कुटून, चोपून बसवलेला, आणि त्यावर आंबट दूध घालून ती पक्की केलेली. मी तिथूनच फोन लावला. बाबा आयुष्यभर ओव्हरसिअर म्हणून नोकरी केलेले, त्यांना कुठल्याही बांधकामात रस.

"आंबट दूध? जमिनीत ओतलं?"

"हो. त्यातलं केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, डिंकासारखं चिकटतं, धूळ उडत नाही."

"अगं पण ताक करून प्यायचं की."

मग म्हणाले आपण शेणानं सारवतो त्यातलाच प्रकार, ज्याच्याकडे जे फुकट आहे ते तो जमिनीला लावतो. भिंतीचं सांगितल्यावर तर ते खूशच झाले, कारण खांबांच्या मधल्या जागेत काठ्यांचं विणकाम आणि त्यावर माती, गवत, शेण यांचा लेप ही इथल्या अशा घरांची जुनी पद्धत म्हणजे आमच्या गोठ्याचा कूडच झाला, फक्त कारवीच्या जागी ओकच्या फळ्या आणि हेझलच्या काठ्या. बाबांनी विचारलं, वाळवी? मी म्हटलं इथे वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे, त्याला डेथवॉच बीटल म्हणतात, तो लाकडावर डोकं आपटून टक टक आवाज करतो. बाबा म्हणाले मग आपली वाळवी परवडली, निदान गप्प तरी असते.

हॉलच्या एका कोपऱ्यात वर लाकडात ओकची पानं कोरलेली आहेत. नॅशनल ट्रस्टच्या बोधचिन्हातलं पान इथूनच सुचलं असावं असं म्हणतात. मी ते चार वेळा काढलं, दोनदा कोथिंबीर झाली आणि एकदा चक्क पपईचं पान, चौथं बरं जमलं तेव्हा घर पाहुण्यांसाठी उघडायची वेळ झाली होती आणि एक छोटा मुलगा माझ्या क्लिपबोर्डखाली उभा राहून वर बघत होता.

घरी येऊन कागदावर उतरवायला तीन आठवडे गेले. आधी कर्णांवरून खोल्यांचे कोपरे कंपासनं पकडायचे, मग भिंती, आणि प्रत्येक वेळी हात आपोआप काटकोन करायला जातो तो आवरायचा. कॅडमध्ये रेघा काटकोनातच ठेवणारा ऑर्थो बंद करता येतो, हातातला होत नाही. पहिला कागद फाडला कारण मी झुकलेला खांब नकळत सरळ काढला होता. दुसऱ्यावर चहा सांडला. छेद काढताना मात्र मजा आली, क्राउन पोस्टच्या चारही वाकड्या फांद्या, वाशांच्या जोड्या, आणि रिकाम्या खाचा तुटक रेघांनी. सरांनी लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा करून परत दिला, दोन माझ्या चुका होत्या, तिसऱ्या जागी नुसतं लिहिलं होतं, चांगली पकडलीस. ती एक खाच होती. पास झाले.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना तिन्ही नकाशे दाखवले. आढं नाही हे त्यांना अजून मान्य नाही, ते म्हणाले तू नीट बघितलं नसशील. मग चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मधे माळा नाही ना?"

"नाही. पूर्ण मोकळं."

"मग या टोकाच्या वरच्या खोलीतून त्या टोकाच्या वरच्या खोलीत जाताच येत नाही."

"नाही. खाली उतरायचं, हॉलमधून जायचं, पुन्हा चढायचं."

"म्हणजे जिने दोन हवेत. तुझ्या नकाशात जुना जिना एकही नाही."

मी बघितलं. खरंच नव्हता. शिडीवजा जिना असेल तर तो केव्हाच गेला असणार, पण तो ज्या जागेतून वर जायचा तिथे माळ्याच्या कड्या आखूड कापून एका आडव्या लाकडात अडकवलेल्या असतात, आणि ती जागा नंतर बुजवली तरी सांध्यांच्या खुणा राहतात. त्या खालून दिसायला हव्यात. मी त्या टोकांच्या खोल्यांत प्लॅनची मापं घेतली, कर्ण घेतले, भिंतीतल्या खाचा घेतल्या, पण मान वर करून तिथलं छत काही मोजलं नाही, कारण माझं सगळं लक्ष हॉलमध्ये.

शनिवारचं तिकीट काढलंय. टॉर्च नेणार आहे. बाबा म्हणाले थालीपीठं जास्त ने.